प्रति नसलेला अर्ज

कागदाच्या डाव्या कोपऱ्यात 'प्रति' लिहिलेले असावे लागते. त्याखाली ज्याच्याकडे मागायचे त्याचे पद, मग कार्यालय, मग विषय, मग अर्जदार आणि शेवटी मजकूर. ज्या कागदाला 'प्रति' नाही तो अर्ज नव्हे, किराणा मालाची यादी. चाकणच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याखाली बसून बावीस वर्षे मी हे लोकांना सांगत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु पदवीधर माणसे माझ्या टेबलासमोर उभी राहून "जरा व्यवस्थित शब्दांत मांडून द्या" असे म्हणतात आणि मी मांडून देतो. असे असताना 'प्रति' नसलेला एक मजकूर मी माझ्या हाताने, लाल शाईने, एकवीस वेळा लिहिला. तो कोणाच्या हट्टापायी लिहिला आणि त्याचे पुढे काय झाले, याची कोठेतरी नोंद असावी म्हणून हे लिहीत आहे.

महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्या एक बाई माझ्या जुन्या अर्जदार. मूळच्या मराठवाड्याच्या. त्यांच्या रेशनकार्डाचा अर्ज मी लिहिला, नवरा वारल्यावर त्याच्या दाखल्याचाही मीच लिहिला. त्यांना सही करता येते. त्यापलीकडे अक्षराशी संबंध नाही. त्यांची मुलगी दहावी उत्तीर्ण झाली होती आणि पिंपरीतल्या एका कॉलेजात तिचे नाव लागले होते. पण आईची शिफ्ट दर आठवड्याला बदलणार, आणि राहण्याची खोली पत्र्याची, आतून कडीही धड न लागणारी. मुलीला सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला तर शिक्षण. नाही तर गावी मामाकडे रवानगी, आणि मामाने वर्षाच्या आत स्थळ पाहण्याचे बोलूनही ठेवले होते. वसतिगृहाचा अर्ज समोरच्याच कचेरीत एका खिडकीवर द्यायचा होता. त्याची मुदत शुक्रवारी संपत होती. शुक्रवारीच, पहिली शिफ्ट सुटल्यावर, गळ्यातले ओळखपत्र न काढता बाई माझ्यापुढे येऊन बसल्या.

पिशवीतून त्यांनी एक नवा लाल पेन, एक कोरा ताव आणि कॅरीबॅगच्या तुकड्यात गुंडाळलेले तमालपत्र काढले.

"दादा, आधी हे लिवून द्या. एकवीस बार. मग तो सरकारचा लिवा."

"हे म्हणजे काय?"

त्यांनी मोबाईल माझ्या कानाशी धरला. कोणी बाई अत्यंत गोड आवाजात नवशिक्यांना मार्गदर्शन करीत होती. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मोठ्या विधीच्या मागे लागू नये, तमालपत्रापासून सुरुवात करावी. इच्छा लाल शाईने एकवीस वेळा लिहावी. कागदाची घडी आपल्याकडे तोंड करून घालावी. सूर्योदयाला वाटीत तमालपत्रासह जाळावी आणि राख तुळशीत टाकावी. मनात शंका आणू नये, कारण शंका आली की विधी उलटतो. या शेवटच्या वाक्याने माझे डोके फिरले. आमच्या धंद्यात काम झाले नाही तर लोक मला जाब विचारायला येतात. मोबाईलमधल्या या बाईने जाब विचारण्याचा रस्ताच आधी बंद करून ठेवला होता!

"स्वतःच्या हाताने लिहायचे असते ना हे?" मी विचारले.

"ज्याला येत न्हाई त्यानं दुसऱ्याकडून लिवून घेतलं तर चालतं म्हने. फकस्त लिवनाऱ्यानं मनापासून लिवलं पायजे."

"बाई, बावीस वर्षांत मी एकही अर्ज मनापासून लिहिलेला नाही. मी नियमाने लिहितो."

शेजारचा झेरॉक्सवाला इथल्या जुन्या गाववाल्यांपैकी. मशीन चालू असतानाही त्याला सगळे ऐकू येते. तो म्हणाला, "काय राव, आता ब्रह्मांडाची बी आवक-जावक तुमच्याकडंच आली व्हय?"

मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. बाईंना विचारले, "प्रति कोण?"

"कुनी न्हाई."

"मग देणार कोण?"

"ब्रह्मांड देतं म्हनत्यात."

"आणि त्याचे कार्यालय कोठे आहे?"

"एमआयडीसीच्या फेज टूला हाय," झेरॉक्सवाला म्हणाला. "पर गेटपास लागतोय."

बाई हसल्या नाहीत. माझ्या टेबलावरच्या उदबत्तीच्या घराकडे बोट करून म्हणाल्या, "तुमी रोज सकाळी पेनाला उदबत्ती ओवाळता. पयल्या कागदावर श्री काढता. मेल्या मानसाचा अर्ज सकाळी पयला घेत न्हाई. माझ्या मालकाच्या दाखल्याला आले तवा अकरापस्तोर मला हितं बसवलं होतं, दुसरं कुनी येईपर्यंत. ते काय होतं मग?"

"ती शिस्त आहे."

"मग ही माझी शिस्त."

ही तुलना सर्वस्वी गैरलागू होती. माझी उदबत्ती ही व्यवसायाची शिस्त आहे. तिच्यामागे माझ्या गुरूंची, म्हणजे माझ्या आधी या जागी बसणाऱ्या वृद्ध अर्जलेखकांची परंपरा आहे. परंतु खिडकी बंद होण्यास दीड तास उरला होता आणि वाद घालत बसलो असतो तर मुलीचा खरा अर्ज राहिला असता. केवळ या कारणास्तव मी लाल पेन उचलला. लिहिले: 'माझ्या मुलीस वसतिगृहात प्रवेश मिळावा.' आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवले. अर्जदाराला वाचून दाखवल्याशिवाय मी कोणताही कागद हातावेगळा करीत नाही.

"मिळावा न्हाई," बाई म्हणाल्या. "मिळाला आहे. झालंय असं लिवायचं. मागायचं न्हाई."

शाळेतला एक धडा मला आजही पुरता आठवतो, तो विध्यर्थाचा. करावे, द्यावे, मिळावे. त्या 'वे'वर माझे घर चालले आहे. 'मिळावा' या शब्दात देणाऱ्याचा मान आहे, घेणाऱ्याची नम्रता आहे आणि दोघांच्या मधल्या टेबलाचे अंतर आहे. 'मिळाला आहे' असे जो लिहितो तो एक तर खोटे बोलतो किंवा त्याला अर्जाची गरज नाही. हे सर्व मी बाईंना सांगितले, आवाज चढवून सांगितले.

त्यांनी ऐकून घेतले. मग ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दादा, जल्मभर मिळावं मिळावंच म्हनलं. सायबाला म्हनलं, खोलीवाल्याला म्हनलं, देवाला बी म्हनलं. एक डाव मिळालं म्हनून बघू द्या की."

मी ताव उलटा केला. मी लिहू लागलो. 'माझ्या मुलीस वसतिगृहात प्रवेश मिळाला आहे.' पहिली तीन वाक्ये हाताने कुरकुरत लिहिली. सातव्याला अक्षर सुधारले. पंधराव्यानंतर मी वाचतही नव्हतो. हात आपला आपण चालला होता. मनापासून लिहिले की नाही ते मला सांगता येणार नाही. एकवीस पूर्ण झाल्यावर बाईंनी कागदाची घडी आपल्याकडे तोंड करून घातली, मी निळा पेन घेतला आणि लगेच सरकारी अर्ज लिहिला. प्रति लिहिले. विषय लिहिला: 'मुलीस वसतिगृहात प्रवेश मिळणेबाबत.' मजकूर लिहिला, वाचून दाखवला. शेवटचे वाक्य वाचताना बाईंच्या चेहऱ्यावर असे समाधान आले की त्यांना माझी भाषा भिडली, असे मी धरून चाललो. त्या "असंच पायजे" असेही म्हणाल्या. त्यांनी सही केली, झेरॉक्स काढली, खिडकीवर अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेऊन ती जपून ठेवायला माझ्याकडे दिली. शनिवारी पहाटे वाटीत तमालपत्र तडतडले, हे त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितले.

दहा-बारा दिवसांनी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. पोस्टाने कागद आला होता, मुलीने घाईघाईत वाचून दाखवला होता, प्रवेश मिळाला होता. मी पेढा तोंडात टाकला आणि कागद हातात घेतला. त्यात लिहिले होते: 'मुलीस वसतिगृहात प्रवेश मिळाला असल्याचे अर्जदाराने स्वतः नमूद केले असल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी खण उघडला. माझ्याकडची प्रत काढली. माझ्याच वळणदार अक्षरात शेवटचे वाक्य होते: 'सबब माझ्या मुलीस वसतिगृहात प्रवेश मिळाला आहे, ही नम्र विनंती.'

बाईंना समजावून सांगण्यास वेळ लागला. शेवटी त्यांनी विचारले, "म्हंजी मिळाला का न्हाई?"

"कागदावर मिळाला आहे, बाई. वसतिगृहात नाही."

त्या पुडा मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिल्या. मामा रविवारी मुलीला न्यायला येणार होता, आता त्याला काय सांगू, एवढेच एकदा म्हणाल्या. झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केले. मला त्या गोड आवाजाच्या बाईचा संताप आला, जिने मागण्याची रीतच मोडून टाकायला सांगितले. त्या कारकुनाचा आला, ज्याला 'ही नम्र विनंती' ही अक्षरे दिसली नाहीत. बाईंचाही आला, कारण वाचून दाखवताना त्यांनी मान डोलावली होती. तो कोणाचा कोणाचा यायला हवा होता याची यादी येथेच संपत नाही, हे त्या वेळीही मला कळत होते.

बावीस वर्षांत मी कचेरीत क्वचित गेलो असेन. आमची जागा बाहेर. त्या दिवशी बाईंना घेऊन आत गेलो. रांगेत माझेच चार-पाच अर्जदार उभे होते. त्यांनी मला वाट करून दिली.

"भाऊसाहेब," मी कारकुनाला म्हणालो, "विषय वाचा. 'मिळणेबाबत' लिहिले आहे. ज्याला मिळाले तो मिळणेबाबत कशाला लिहील? आणि मिळाला आहे, ही विनंती कशी होईल? आपण थोडा विचार करायला हवा होता."

"विचार मी करायचा आणि लिहायचं तुम्ही?" तो म्हणाला. "अहो, खाली मिळाला आहे लिहिलंय की स्वच्छ. अक्षर तर छापल्यासारखं आहे. अर्ज निघाला निकाली. नवीन द्यायचा तर मुदत संपली."

"यात चूक आहे."

"कोणाची? अर्जदाराची असेल तर मुदतीनंतर मजकूर बदलता येत नाही. लिहिणाऱ्याची असेल तर त्यानं शुद्धिपत्र द्यायचं. आहे तयारी? मग मी वरती साहेबांपुढे ठेवतो."

रांगेतले सगळे माझ्याकडे पाहत होते. लोकांच्या चुका मी हजार वेळा लिहिल्या आहेत: नावातल्या, वयातल्या, गट नंबरातल्या. प्रत्येकीला मी शब्द शोधून दिला आहे, असा की चूक राहील पण चुकणारा दिसणार नाही. त्या खिडकीवर उभ्याने मी माझ्यासाठी तसा शब्द शोधला. 'अपरिहार्य कारणास्तव' असे लिहिले.

"कारण काय सांगू वरती?" कारकून म्हणाला. "साधं लिहा ना. चुकून."

मी खोडले. माझ्या कागदावर खाडाखोड नसते, म्हणून दुसरा कागद घेतला. प्रति. विषय. अर्जदाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिण्याची ती पहिलीच वेळ. 'सदर अर्जातील शेवटच्या वाक्यात माझ्या हातून चुकून "मिळाला आहे" असे लिहिले गेले. ते "मिळावा" असे वाचावे. अर्जदार निरक्षर असून त्यांचा यात दोष नाही.' सही केली. आणि वाचून दाखवण्याचा माझा रिवाज असल्याने, कोणी मागितले नसतानाही, तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. कारकुनाने शिक्का मारला.

रविवारी बाईंनी मामाला आठ दिवस थांबायला सांगितले. सातव्या दिवशी आदेश आला. बाई कंपनीतून थेट माझ्याकडे आल्या, पाकीट न फोडता. मी फोडले आणि वाचले: 'प्रवेश मंजूर करण्यात आला आहे.'

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बगा, लागू पडलं का न्हाई? एकवीस तुमी लिवलं, बाविसावं सरकारनं लिवलं."

झेरॉक्सवाला एवढा हसला की त्याला खोकला लागला. "लिवा राव पाटीवर," तो म्हणाला, "इथे तमालपत्राचेही अर्ज लिहून मिळतील."

मला जे वाटले ते लिहिण्यास सभ्य शब्द नाही. रांगेसमोर उभे राहून सही मी केली होती. तडतडलेल्या पानाने नव्हे. मी आदेश टेबलावर पसरला, बाईंना जवळ बोलावले आणि विषयाखालच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे संदर्भ होता. क्रमांक एक, त्यांचा अर्ज. क्रमांक दोन, अर्जलेखकाचे शुद्धिपत्र.

"हे वाचतो, ऐका," मी म्हणालो. "मिळाले आहे ते यामुळे मिळाले आहे."

आणि संदर्भ क्रमांक दोन मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला. बाईंनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि हात जोडून शेवटपर्यंत ऐकले. हात माझ्याकडे नव्हते, कागदाकडे होते. वाचून झाल्यावर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आनखी एक डाव वाचा, दादा."