पायाळू मुलाची खूण

चीनमध्ये आन्यांग शहराजवळ ह्वान नदीच्या काठच्या गावात हाओ क्वेईलान तीस वर्षं सुईणीचं काम करत होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे सगळ्यांची ती हाओ काकूच. तिला एक मुलगा होता. त्याच्याआधीची दोन मुलं मात्र सातव्या दिवसाच्या आत आकडी येऊन गेली होती.

१९५३ साली, एकावन्नाव्या वर्षी, तिला तालुक्याला दहा दिवसांच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं. कात्री न उकळता नाळ कापली किंवा नाळेवर काहीबाही दाबलं, तर तीच आकडी येते, हे तिला तिथे कळलं. तिच्या गावात शेतात सापडणाऱ्या जुन्या हाडांची पूड नाळेवर लावत. तिने ती आपल्या मुलांनाही लावली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसली.

शिक्षण संपताना सांगण्यात आलं, की आता प्रत्येक बाळंतपणाची नोंद वहीत करायची: आईचं नाव, तारीख, मूल कसं आलं, जगलं की नाही. जिला लिहिता येणार नाही, तिचं काम वसंतात बंद. सून म्हणाली, बरंच झालं, आता घरात ऊब धरून बसा. काकूने पिशवी खुंटीला लावली आणि प्रौढांच्या वर्गात नाव घालून आली.

वर्ग दुपारी भरे. शिकवणाऱ्या फान बाई जेमतेम तेवीस वर्षांच्या. काकूच्या हाताखाली अडलेल्या बायका सुटत, पण पेन्सिल धरली की बोटं ताठ होत. चिनी लिपीत एकेका शब्दाला रेघारेघांचं वेगळं अक्षर. तिची एक रेघ जास्त, नाहीतर एक कमी. शेजारी बसणारा थाओ टोफूवाला आपली पाटी झटकन भरून तिच्या पाटीत डोकावे आणि म्हणे, की काकू, हे अक्षर आहे की कोंबडीची नखं?

एका दुपारी तिने ‘मूल’ हे अक्षर आठव्यांदा चुकवलं. फान बाई इथे येण्याआधी वर्षभर उत्खननाच्या कामावर होत्या. जमिनीतून निघालेल्या प्राचीन हाडांवर कोरलेली अक्षरं कागदावर उतरवून घ्यायचं त्यांचं काम. त्यांनी फळ्यावर त्याच अक्षराचं तीन हजार वर्षांपूर्वीचं रूप काढलं. मोठं डोकं, पसरलेले दोन हात आणि खाली एकच रेघ.

“दुसरा पाय कुठे गेला?” थाओने विचारलं.

“बाळुत्यात,” काकू मान वर न करता म्हणाली.

बाईंना हे पुस्तकात वाचावं लागलं होतं. मग त्यांनी गुडघ्यावर बसलेली बाई काढली. तिच्याशेजारी मूल ठेवलं आणि सांगितलं, की याचा अर्थ ‘चांगलं’. शेवटी बाईच्या मागे, खाली डोकं केलेलं मूल काढलं आणि त्याच्याखाली तीन थेंब.

थाओ म्हणाला, की कोरणाऱ्याने त्या दिवशी जास्तच घेतलेली दिसते, मूल उलटं काढलंय. वर्ग हसला. काकू उठून फळ्याशी गेली.

“उलटं नाही ते. मूल असंच येतं, डोकं खाली. आणि हे थेंब बघ, पाणमोट फुटलीय. ज्याने हे काढलं, तो नुसता दाराबाहेर उभा नव्हता. नाहीतर त्याने कुणा सुईणीला विचारलं असणार.”

बाईंनी शेजारी ‘जन्म देणं’ हे आजचं अक्षर लिहिलं. त्याच्या माथ्यावर तेच खाली डोकं केलेलं मूल होतं, झिजून रेघांचं झालेलं. ते अक्षर काकू पुन्हा कधी चुकली नाही. बाकीचीही अशीच शिकवा म्हणून तिने हट्ट धरला. पण बाईंनी खरं ते सांगितलं, की बहुतेक अक्षरांत असं चित्र नाही, ती घोकावीच लागतील. मग काकू चुलीची राख परातीत पसरून एकेक अक्षर चाळीसदा गिरवू लागली.

वसंतात दोनशे अक्षरांची परीक्षा झाली. तिला एकशे एकतीस आली. तालुक्याने दोन महिन्यांची मुदत दिली. तोवर वही मात्र भरायचीच होती, आणि ‘मूल कसं आलं’ या रकान्यातले शब्द तिला येत नव्हते. तिने डोक्याकडून आलेल्या मुलासाठी खाली डोक्याचं मूल काढलं, पायाळूसाठी सरळ उभं, आडव्यासाठी आडवं.

वही तालुक्याहून परत आली. सरकारी वहीत चित्रं चालणार नाहीत, असा शेरा होता. काकू वही काखेत मारून चार तास चालत तालुक्याला गेली आणि आरोग्य कचेरीतल्या कारकुनासमोर बसली.

“गेल्या महिन्यात माझ्याकडे दोन पायाळू आली, एक आडवं. तिघंही जिवंत आहेत. बाकीच्या गावांत किती आली, बघून सांगा.”

कारकुनाने दहा-बारा वह्या उलटल्या. त्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता: ‘ठीक’. त्याने त्या वह्या मिटून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, “काकू, आणखी तीन महिने देतो. पण खरे शब्द शिकावे लागतील.”

“ते शिकणारच आहे,” ती म्हणाली. “तोवर खोटं लिहिणार नाही.”

शरदातल्या परीक्षेत ती पास झाली; तोवर तिला दोनशे बारा अक्षरं येत होती. थाओपेक्षा तीन कमी, हे त्याने गावभर सांगितलं. त्याच महिन्यात त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा काकूला बोलवायला तो स्वतः पळत आला.

पुढे अठरा वर्षं तिने काम केलं. आसपासच्या गावांतल्या नव्या सुइणी तिच्या हाताखाली शिकल्या आणि तिला घाबरून राहिल्या. पाणी उकळलं का, हे ती आधी विचारी आणि वही भरली का, हे नंतर. पण दोन्ही विचारल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसे.