वांदाचं जिरेनियम

लूब्लिनमध्ये फेब्रुवारी सरत आला, तरी खिडकीबाहेर बर्फ होता. बहीण वांदा गेल्यापासून हालिना शिवणकाम बाजूला ठेवून तिच्या जिरेनियमला रोज पाणी घालायची. बहिणीची तेवढीच एक खूण उरली होती. आज त्याचा बुंधा काळा पडून कुजलेला दिसला.

“अगं, थंडीत ते झोपलेलं असतं. झाड पाळलंयस की बदक?” शेजारची ग्राझिना म्हणाली.

मग घरी जाऊन तिने आपल्या जिरेनियमची फांदी तोडून आणली. ते झाड तिला वांदानेच दिलं होतं.

हालिनाचे ओठ हलताच ग्राझिनाने तिला थांबवलं. “आभार मानू नकोस, बये. आभार मानलेलं रोप रुजत नाही म्हणतात.”

हालिना फांदी हातात धरून बराच वेळ रडली, पण तोंडातून शब्द काढला नाही.