माझे व्याही आणि हलके कॅरिअर

माझ्या व्याह्यांचा या जगातील कोणत्याही हलक्या वस्तूवर विश्वास नव्हता. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी सारी नोकरी केली होती, आणि हलके म्हणजे त्यातून कोणीतरी काही काढून घेतलेले, हा एकच सिद्धान्त बरोबर घेऊन ते निवृत्त झाले. रविवारचा पेपर तळहातावर तोलून, पुरवणी कुठे गेली, असे ते पेपरवाल्याला विचारीत. डॉक्टरांनी दिलेली पुडी कानाशी नेऊन हलवीत. माझ्या मुलीला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी त्यांनी हातात वरखाली करून पाहिली व मगच पहिला घास घेतला. पोहे पुरेसे होते. माझ्या पत्नीने मात्र ही गोष्ट त्यांना कधी माफ केली नाही.

अशा या गृहस्थांनी निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात नागपूरहून काटोलला सायकलने जायचे ठरवले. बिछाना, कपडे आणि नातीसाठी लाकडी घोडा एवढे सामान मागे बांधायचे होते. घरच्या सायकलचे लोखंडी कॅरिअर दुधाचे कॅन वाहण्याच्या योग्यतेचे होते; रिकामे असतानाही ते चढावर सायकलला मागे ओढी. तेव्हा त्यांना कॅरिअर हवे होते, आणि ते हलके हवे होते. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच अशी मागणी असावी.

काटोलला त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, किराणा दुकान चालवीत असे. नोकरीच्या अखेरच्या वर्षी व्याही सरकारी जीपमधून तिथे उतरले आणि ऐन बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांनी मुलाचा तराजू तपासला. तराजू निर्दोष निघाला. तसे त्यांनी खणखणीत आवाजात जाहीरही केले. आपण मुलाचा गौरव केला, अशीच त्यांची समजूत होती. पण त्यानंतर मुलगा नागपूरला आला नाही, दिवाळीलाही नाही. माझी मुलगी येई, नातीला आणी. व्याही दारापर्यंत जाऊन तिच्या मागे कोणी आहे का ते पाहत आणि परत येत.

"जीपनं गेलो की मी साहेब होतो," एकदा ते मला म्हणाले. "एस.टी.नं गेलो तर स्टँडवरून दुकानात बातमी माझ्या अगोदर पोचते. सायकलनं जातो. कळमेश्वरले मुक्काम करतो. काहून, नाही जमत का मले?"

जमेल, असे मी म्हणालो. इतक्या लवकर मान्य केल्यामुळे त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

सीताबर्डीच्या दुकानदाराने अल्युमिनियमच्या नळ्यांचे कॅरिअर त्यांच्या हाती दिले. हातात घेताच व्याह्यांचा चेहरा निरीक्षकाचा झाला.

"यातलं काय काढून घेतलं?"

"काही नाही साहेब. नळी पोकळच येते."

"म्हणजे मधातलं काढलं."

"आता तुमीच तं हलकं मांगून राहिले ना!"

"हलकं मागितलं. कमी नाही मागितलं."

दुकानदाराने भरीव दांड्यांचे दुसरे कॅरिअर काढले. ते उचलून व्याही म्हणाले, "वजन दाखवायले लोखंड कोंबलं यात." दुकानदार माझ्याकडे वळला. "काका, यायले नेमकं पायजे तरी काय?" खरेदी लांबत गेली. जितके दिवस ती लांबेल तितके दिवस काटोलही लांब राहील, हे मला दिसत होते; व्याह्यांनाही दिसत असावे. अखेर मीच पोकळ नळ्यांचे कॅरिअर बसवून घ्यायला लावले. घरी येताना त्यांनी विचारले, "दुकानदार तुमच्या नात्यातला तर नाही?"

आता कॅरिअरची परीक्षा घेणे आले. परीक्षेला खात्रीच्या वजनाचा बोजा हवा. असा बोजा म्हणून त्यांनी माझी निवड केली आणि मला लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, नेले, कारण तिथल्या काट्यावर कधीकाळी त्यांनी स्वतः शिक्का मारला होता.

"साहेब, आमी माणूस नाही तोलत," टालवाला म्हणाला.

"माणूस नाही. व्याही आहेत माझे."

"मग तं बिलकुल नाही तोलत!"

तरीही मला तोलण्यात आले. नंतर धरमपेठेच्या रस्त्याने, भर दुपारी, मी त्या कॅरिअरवर बसून गेलो. ओळखीच्या काही मंडळींनी नमस्कार केला. मी तो स्वीकारला. कॅरिअर वाकले नाही, करकरलेही नाही. व्याही उतरले, नळ्यांवरून बोट फिरवीत काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "खरं सांगा, तुम्ही पाय जमिनीले टेकवत तर नव्हते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. निघताना त्यांनी सामानाच्या दोरीच्या तिन्ही गाठी पुन्हा ओढून पाहिल्या. त्या मी बांधल्या होत्या.

पुढचे मला मुलीने सांगितले. व्याही दुकानापाशी आले, सायकल झाडाला टेकवली आणि गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले. मुलाने त्यांना पाहिले. त्याचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. पाळी आल्यावर ते म्हणाले, "पाव किलो साखर." मुलगा तराजूला हात लावतो तोच त्यांनी पाठ फिरवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या संत्र्यांच्या बैलगाड्या पाहू लागले. पुडा हातात पडेपर्यंत ते वळले नाहीत. मुलगा गल्ल्यावरून उठला, बाहेर आला आणि सामानासकट सायकल आत घेऊन गेला.

परत आल्यावर ते माझ्याकडे बसले होते. आपणहून म्हणाले, "साखर थोडी जास्त होती, व्याहीबुवा. हातावर घेताच समजलं. जास्त देणंही चूकच असते."

"मग सांगितलंत त्याला?"

"काय सांगू? मी कुठं काट्याकडे पाहिलं होतं?"

व्याही जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे ते बोलणे आठवले की रविवारचा पेपर वाचण्याआधी मी तो तळहातावर तोलून पाहतो.