काटेवाडीचा उशिरा आलेला निरोप

२०२६ साल, माझं वय शहात्तर. शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. पाहिलं तसं लिहितो.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या (धरणाचं पाणी मागं पसरतं ती जागा) काठाला. तीन बाजूंनी पाणी, चौथीला ऊस. फोन लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला एका संस्थेची माणसं ताटली घेऊन आली होती. उपग्रहाकडून थेट इंटरनेट घेणारी, नमुना म्हणून फुकट. मी मळ्यात असताना त्यांनी न विचारता माझ्या स्लॅबला, वस्तीतल्या एकमेव पक्क्या छताला, शिडी लावली. मी आलो आणि सगळ्यांना खाली उतरवलं. माझ्या घरावर चढायचं तर आधी मला विचारायचं, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी माफी मागितली, मी ऐकलं नाही. ताटली पाण्यापलीकडच्या वस्तीला गेली.

मग एका बुधवारी सकाळी दुधाचा टेम्पोवाला म्हणाला, "तात्या, तुमच्या भाच्याचा फोन डेअरीवर आला हुता. काटेवाडीच्या सोनाबाई गेल्या. काल सकाळीच."

सोना माझी धाकटी बहीण. आमच्यात बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ते भावानं न्यायचं. मनात एकच आलं, माझ्यासाठी ठेवली असेल का? त्याच टेम्पोत बसलो. इंदापुरात दुकान उघडेपर्यंत पायरीवर थांबलो, हिरवं लुगडं घेतलं आणि बारामतीची एसटी धरली.

लासुर्ण्याच्या अलीकडं गाडीचं चाक पंक्चर झालं. लोक खाली उतरून रसाच्या गाड्याकडं गेले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, घ्या की ग्लासभर. येळ लागंल." मी घेतला नाही. बहिणीचं तोंड बघेपर्यंत पाणी प्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन्ही अंगांना उसाची भिंत, वाऱ्याचं नाव नाही. पिशवी छातीशी धरून बसलो.

शेजारी वालचंदनगरच्या कॉलनीतला एक रिटायर कामगार होता. पेपर पुढं करून म्हणाला, "बघा, आणखी उपग्रह सोडलं. आता डोंगरात जावा न्हायतर बेटावर, नेट मिळणार. रॉकेटाचं लोखंड आमी आमच्या कारखान्यात लेथवर घासलंय बरं का, ह्याच हातांनी."

"तुमचं रॉकेट वर गेलं, आन माझ्या बहिणीचा निरोप खाली आला न्हाय."

त्यानं पेपरची घडी घातली. "ते त्याचं काम करतंय, आबा. खाली ताटली कुणीतरी लावाय पायजे ना."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण पुढं सगळी वाट मला त्याच्याकडं बघवलं नाही.

काटेवाडीत फाट्यावरून चालत गेलो. अंगणात माणसं घोंगडीवर गप्प बसलेली. रडण्याचा आवाज नाही, तिथंच कळलं. भाचा बबन पुढं आला.

"मामा, दिवस मावळंस्तवर ठिवली. पुढं लोक थांबंनात."

"माणूस का न्हाय धाडला?"

"आता लागंल, आता लागंल म्हणून फोनच लावत बसलो. माणूस धाडायचं सुचलंच न्हाय."

"आन लुगडं?"

"शेजारची सून आपल्या इंदापूरकडची. तिच्या पेटीतलं नेसवलं, माहेरचं म्हणून."

दाजी भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "सगळ्यांना सांगायची. आमच्या दादाच्या घरावर ताटली बसणार हाय, मग रोज बोलीन म्हणायची." ताटली आल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी ती माघारी धाडली, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या दिवशीही तोंड उघडलं नाही.

बबन ओढ्याकाठी घेऊन गेला. राख अजून कोमट होती. मी लुगडं तिच्यावर ठेवलं.

"मामा, आता त्याचं काय?"

"ठाव हाय मला," म्हणालो आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला.

शेजारणींनी कडू घास (सुतकाच्या घरी बाहेरून येणारं जेवण) आणला होता. पिठलं-भाकरी. अर्धी भाकरी कशीबशी उतरली. दाजींनी दहाव्यापर्यंत राहा म्हटलं. त्यांच्यासमोर बसवेना, म्हणून दुपारचीच गाडी धरली.

येताना तेच रस्ते, तोच ऊस. पूर्वी सांगावा घेऊन माणूस चालत निघायचा आणि पोचायचा. आता निरोप आभाळातून येतो म्हणतात. तो अडवायला एक म्हातारा पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. "गुरुजी, अर्ज लिहा. वस्तीला ताटली पायजे."

"तात्या, तुम्हीच तर हाकललंत त्यांना."

"व्हय, मीच. तेबी लिहा."

मग गुरुजींना घेऊन घरोघर फिरलो. या वस्तीच्या किती लेकी-बहिणी कुठं कुठं दिल्यात, त्यांची नावं अर्जाला जोडायची होती. त्यांचा निरोप वेळेवर यावा, एवढंच मागणं. पारूबाई दारातून म्हणाली, "काय तात्या, सोयरिकी जमवाय निघालाय व्हय?" पण तिनंही तिन्ही लेकींची नावं दिली.

शेवटी माझं दार आलं. गुरुजींनी विचारलं, "तुमच्या घरची कोण?"

"सोना. काटेवाडी."

गुरुजींचा पेन थांबला. "तात्या, अहो..."

"लिहा," मी म्हणालो.