कूलरसमोरची जागा

आमच्या कुत्र्याला दर उन्हाळ्यात खाज सुटायची. आई त्याला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, तरी मागचा पाय फरशीवर आपटत तो खाजवतच राहायचा. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कूलरच्या ओल्या गवताची अ‍ॅलर्जी असेल. आणि आमचा पठ्ठ्या झोपायचा नेमका कूलरसमोर!

बाबांनी कूलरच बंद केला. नागपुरात, भर मे महिन्यात! मी जाम भांडलो. घामाने भिजलेली बनियन पिळत ते म्हणाले, "आपल्याले नुसतं गरम होऊन राहिलं गा, त्याले खाजून राहिलं."

आता त्याच खोलीत एसी आहे. गवत नाही, ओल नाही. कुत्र्याला इथे खुशाल झोपता आलं असतं. बाबांनाही.