तपासणीच्या आदल्या दिवशी सुधारलेली गाडी

भिंगरीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या घरापुढच्या चढावर. गाडीचं बॉनेट उघडं, मागच्या सीटवर हॉटेलसाठी शिवलेल्या पडद्यांची थप्पी, आणि ती फोनवर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला झापत होती, "गाडी दिलीत की गळ्यात धोंड बांधलीत?" शेजारी राहायला येऊन तिला बरेच महिने झाले होते, सारखी पळत असायची म्हणून भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं, पण एका जागी उभी असलेली ती मला त्या दिवशीच दिसली.

थंड असेतो गाडी छान पळायची. इंजिन तापलं की बसकण मारायची. गॅरेजवाल्यांनी हात टेकले. पडदे उशिरा पोचू लागले तेव्हा हॉटेलवाल्यांनी बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसरीकडे. व्यापाऱ्याने कानांवर हात ठेवले. मग तिने न्यायालयात छोटा दावा लावला : गाडी परत घ्या, पैसे द्या. त्या पैशांत तिला भरवशाची गाडी घ्यायची होती.

त्या दिवसांत ती माझ्याकडचा चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. "बस गं जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसले की तो व्यापारी डोळ्यांपुढे येतो, बाई." आणि बोलता बोलता माझ्या पडद्यांच्या शिवणी ओढून बघायची.

न्यायालयाने नेमलेला अभियंता गाडी तपासायला येणार, त्या सकाळी ती धावतच आली. मागोमाग तिचा नवरा. तो घड्याळं दुरुस्त करतो. फार शांत माणूस.

"बाई, विचारा यांना, काय करून ठेवलंय!"

"तारेचा एक जोड सैल होता," तो म्हणाला. "तापला की सुटायचा. काल सापडला, बसवून टाकला."

"अहो, आज तपासणी आहे!"

"म्हणून बिघाड दिसत असताना तसाच ठेवू?"

"ठेवायचा! एक दिवस ठेवायचा!" ती माझ्याकडे वळली. "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगू कुणाला?"

जोड पुन्हा सैल करता येईल का, असं मी हळूच विचारलं.

"नको बाई. मी केला, तर हेच अभियंत्याला जाऊन सांगतील."

नवऱ्याने मान डोलावली.

अभियंत्याने गाडी भरपूर फिरवली. दोष आढळला नाही. सुनावणीत नवऱ्याने सगळं खरं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, दुरुस्तीआधी दाखवायला हवं होतं. दावा फेटाळला.

बाहेर व्यापारी हसत म्हणाला, "ताई, घरात एवढा कारागीर असताना माझ्या मागे कशाला लागलात?"

"चुकलंच. नवराही तुमच्याकडूनच घ्यायला हवा होता," ती म्हणाली. "त्याने काही दुरुस्त केलं नसतं."

हॉटेलचं काम तिच्याकडे टिकलं. गाडी तीच आहे, त्यानंतर कधी बंद पडलेली नाही. तरी पडदे पोचवायला ती अजून तासभर आधीच घरातून निघते.