लाभ, टू, थ्री

आधी कॉफी पिऊन घ्या बघू. मी सावकाश बोलणारा माणूस, आणि गोष्ट माझ्याच फजितीची. ती संपेपर्यंत तुमची कॉफी निवून जाईल.

मी शिकलो तिसरीपर्यंत. पुढचं आयुष्य तिरुवैयारूच्या खळ्यांवर भात मापण्यात गेलं. आता तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत मुलाकडे राहतो. नात सुगुणा पाचवीत. इंग्रजी वाचते झकास, पण वर्गात बोलायचं म्हटलं की मुकी! तोंडी परीक्षेतही गप्प राहिली तर तिला मैत्रिणींपासून काढून कच्च्या मुलांच्या वर्गात बसवणार होते. पोरीनं जेवण सोडलं हो! मला, तिच्या ताताला, म्हणजे आजोबाला, म्हणाली,

"ताता, मेनी कुठं म्हणायचं आणि मच कुठं, भीती वाटली की आठवतच नाही."

एवढंच ना? माळ्यावरून माझं जुनं मरक्काल काढलं, भात मापायचं लोखंडी माप. "हे बघ, तांदळाची रास म्हणजे मच. मापं मोजली की मेनी." केवढा पंडित मी!

मग मोजून दाखवलं. माझे वडील मोजायचे तसं, चालीवर. "लाभ... दोन... तीन..."

"ताता, वन राहिलं!"

"पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, कण्णू. लाभ म्हणायचं. मग धान्य वाढतं."

काय सांगू, वडिलांचा आवाजच घरात आला. सकाळचं खळं, ओल्या पेंढ्याचा वास... किती वर्षांनी ती चाल गळ्यातून निघाली! आठवडाभर आम्ही दोघं रोज मापत बसलो. पोरगी खुलली. आतून सून ओरडायची, "मामा, आधण उकळतंय, तांदूळ द्या आता!"

परीक्षेच्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मी कमरेची वेष्टी सावरत धावलो.

टीचरबाई म्हणाल्या, "केळी मांडून विचारलं, हाऊ मेनी? ही उभी राहिली आणि खणखणीत आवाजात, चालीवर म्हणाली, लाभ, टू, थ्री, फोर, फाइव्ह! सगळा वर्ग हसून लोळला. कुणी शिकवलं हे?"

मी मान खाली घातली. "मीच. तिला सगळं येतं हो. चूक माझी."

"असं? मग तुम्हीच मोजा बघू." त्यांनी पाच खडू मांडले.

मनात घोकलं, वन, वन, वन. पहिल्या खडूला बोट लावलं आणि तोंडातून निघालं, "लाभ!"

सुगुणानं कपाळावर हात मारला. टीचरबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "ताता, ही वर्षात पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. पाणी दाखवलं तर मचसुद्धा बरोबर म्हणाली. राहू दे तिला मैत्रिणींतच. तुमचं मात्र काही खरं नाही!"

घरी येताना हळूच विचारलं, "मला किती मार्क दिले असतेस ग, पाचांपैकी?"

पोरीनं जरा विचार केला. मग एक बोट वर केलं.

"लाभ."